जळगावात पेट सिटिंग: लाईट गेली, पग आजारी पडला, आता बिल कोणाचं?

मेहरूणवाली:
नमस्कार मंडळी. मी जळगावची, दीड वर्षापासून लोकांच्या घरी जाऊन कुत्री-मांजरी सांभाळायचं काम करून राहिले. सुरुवात शेजारच्या लॅब्रॅडॉरपासून झाली, ते लोक दिवाळीत मुंबईला चालले होते आणि काकू म्हणाल्या तू रोज येतेसच खेळायला तर चावी ठेव, मग त्यांच्या भिशीतल्या बाईने विचारलं, मग त्या बाईच्या दिराने, असं करत करत आता अकरा घरं झालीत. स्कूटीवर फिरते, एका चकरेचे २०० घेते, खाणं पाणी फिरवणं शीशू सगळं त्यात. आई अजून म्हणते बी.कॉम. करून कुत्र्यांची आया झाली, पण ते सोडा.

प्रश्न असा आहे की आखाजीला (अक्षय तृतीयेला) एक प्रकार झाला. एका घरचा पग होता, माणसं नाशिकला लग्नाला, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन चकरा ठरलेल्या. सकाळी मी फिरवून आणलं, कूलरची टाकी गळ्यापर्यंत भरली, पाण्याची दोन भांडी ठेवली, सगळं नीट. दुपारी लाईट गेली. मला काय माहीत, माझ्या एरियात होती ना. साडेपाचला दार उघडलं तर घरात भट्टी, हा बाथरूमच्या फरशीवर पाय पसरून पडलेला, जीभ जांभळट, घर्र घर्र आवाज, खाली लाळेचं थारोळं. मी ओला टॉवेल गुंडाळला आणि स्कूटीवर पुढे घेऊन सरळ डॉक्टरकडे. सलाईन वगैरे, वाचला देवाच्या कृपेने. बिल २३०० झालं, मी भरलं. मालक परत आल्यावर म्हणतात दुपारी एक चक्कर मारायला काय झालं होतं, घरचंच समजून दिलं होतं तुला. बिल तर नाहीच, दोन दिवसांचे ८०० पण नाही दिले. वर लांबचे नातेवाईक आहेत म्हणून आई म्हणते जाऊ दे.

तर मला विचारायचंय की आधी काय काय ठरवून घ्यायचं, कागदावर घ्यायचं का, ओळखीच्यांकडून पैसे मागायचे कसे, आणि एवढ्या चाव्या घरात ठेवायची पण आता भीती वाटते. लोक म्हणतात कुत्रा तुझ्या घरीच ठेव, तेही करू का? मोठं झालंय सॉरी.

ओट्यावरचा:
आमना गावमा कुत्रं ओटावर निजस, त्याले कसाना सिटर 😂 भाकरी टाकाना २०० रुप्या?

मेहरूणवाली:
भो, ओट्यावरच्याला कोणी आत कोंडून नाशिकला जात नाही, म्हणून त्याला सिटर लागत नाही. 🙏

भुसावळ_यार्ड:
ताई मी भुसावळला सहा वर्षं हेच करतो, निम्मी गिऱ्हाईकं रेल्वे क्वार्टरमधली. इथे धंदा चालतो त्याचं कारण पण रेल्वेच आहे, कुत्रा स्लीपरमध्ये चालत नाही, थर्ड एसी सेकंड एसीमध्ये पण नाही, एक तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे (दोघांची बंद खोली) घ्या नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाका. आता उन्हाळ्यात त्या पेटीत आपला कुत्रा कोण टाकेल, म्हणून मग मला फोन.

तुझ्या केसमध्ये चूक कोणाची ते सांगतो, राग नको मानू. दोन चकरा ठरल्या होत्या म्हणजे कागदावर तू बरोबर. पण एप्रिल-मेमध्ये पगसारखा चपट्या नाकाचा, उन्हात लवकर धापणारा कुत्रा दोन चकरांवर तू घ्यायलाच नको होता. मी तर होळीनंतर पग आणि शित्झू तीन चकरांशिवाय घेतच नाही, किंवा घरात इन्व्हर्टरवर चालणारा कूलर पाहिजे, आणि तो मी स्वतः मेन स्विच पाडून चालवून बघतो. मालक सांगतो चालतो, पण बॅटरी चार वर्षांची असते आणि अर्ध्या तासात झोपते. शेजारच्या एकाचा नंबर पण घेतो, फक्त लाईट गेली तर मला मिस कॉल द्या म्हणून. एवढं काम कोणीही आनंदाने करतं.

आता चार्ज. आमच्या वडिलांचा शब्द आहे, रेल्वेत ड्युटी बदलताना चार्ज देतात-घेतात तसं. मालक जायच्या दोन दिवस आधी मी घरी जातो, कुत्र्यासोबत अर्धा तास बसतो, याचे पैसे घेत नाही. त्यातच कळतं कुत्रा कसा आहे ते. मालकासमोर शेपूट हलवणारा मालक नसताना दार अडवून बसतो असे दोन भेटलेत मला. म्हणून मालकाला गल्लीच्या टोकाला पाठवतो आणि मी एकटा चावीने दार उघडून आत जातो. तेव्हा गुरगुरला तर काम घेत नाही, विषय संपला. मग एक पानाचा कागद, त्यात खाणं, औषधं, डॉक्टर कोण, किती रुपयांपर्यंत मालकाला न विचारता उपचार करायचे, लाईट गेली तर काय, आणि खाली सही. पैसे निम्मे आधी. ओळखीचा असो की साडू, निम्मे आधी. ओळखीच्याला तोंडाने मागायला जड जातं ना, म्हणून सगळ्यांना एकच मेसेज पाठवायचा, त्यात त्याचं नाव नाही आपलं तोंड नाही.

चाव्या. चावीवर नाव-पत्ता कधीच लिहायचा नाही, फक्त नंबर, आणि कोणता नंबर कोणाचा ती वही वेगळ्या जागी. चावी मालकासमोर पाकिटात टाकायची, चिकटवायचं, जोडावर त्याची सही. परत देताना आपण सांगू शकतो हे पाकीट अमुक तारखेला उघडलं. घरात शिरताना आणि निघताना दहा सेकंदाचा व्हिडिओ, गॅस, नळ, मागचं दार. त्याने मालक पण खूष आणि उद्या कोणी म्हणालं कपाटातलं काही गेलं तर आपल्याकडे आहे. जळगावच्या घरांत सोनं किती असतं ते मी तुला सांगायला नको. ज्या खोलीत कपाट ती खोली मी आधीच कुलूप लावून घ्यायला सांगतो, चावी मला देऊच नका.

मला पण एकदा धडा मिळालाय. मांजर होतं, मी दार उघडून खाली पडलेला पेपर उचलला, तेवढ्यात पायातून गेलं. दोन रात्री शोधलं. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून त्याचीच चादर आणि शीची पेटी मागच्या दारात ठेवली आणि लाईट बंद करून बसलो, पहाटे तीनला शेजारच्यांच्या सिंटेक्सच्या टाकीमागून आलं. तेव्हापासून मांजराच्या घरी आधी आत, मग दार बंद, मग बाकीचं जग.

धुळ्याचा_जनावरांचा_डॉक्टर:
भाऊंनी व्यवहाराचं चांगलं सांगितलं, मी फक्त तब्येतीचं बोलतो.

मेहरूणवाली, तुम्ही लगेच उचलून नेलं म्हणून वाचला, उशीर केला असता तर आतले अवयव गेले असते. पण टॉवेल गुंडाळायचा नाही. टॉवेल काही मिनिटांत अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि मग आतली उष्णता बाहेरच जाऊ देत नाही. साधं नळाचं पाणी अंगावर ओतत राहायचं, पोट, काखा, पंजे, आणि वारा लागला पाहिजे, लाईट नसेल तर पुठ्ठ्याने घाला. बर्फाचं पाणी नको. थर्मामीटर दीडशे-दोनशेला मिळतो तो डिकीत ठेवा. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की पाणी ओतता ओतता डॉक्टरला फोन, आणि १०३ ला आलं की पाणी थांबवा नाहीतर उलट खूप खाली जातं. कूलरबद्दल एक, आपल्याकडे हवा कोरडी म्हणून कूलर छान काम करतो, पण खिडकी बंद ठेवून लावला की खोलीत दमट होतं आणि पगला ते आणखी वाईट. एक खिडकी किलकिली पाहिजेच.

संध्याकाळी फिरवायची घाई नको. आपल्याकडे डांबर रात्री आठलाही तापलेलं असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवा, चटका बसला तर कुत्र्याच्या पंजालाही बसणार.

दुसरं, लोक खाणं काढून जातात त्यावर नजर ठेवा. माझ्याकडे दर दिवाळीनंतर शेवभाजीच्या रश्श्यात भाकरी कुस्करून घातलेले पेशंट येतात. आमचा टायगर आवडीने खातो म्हणतात. खाणारच की. पण कांदा-लसूण कुत्र्याला आणि मांजराला दोघांना वाईट, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपलं भरीत म्हणजे कांद्याची पातच. द्राक्षं, मनुका, चॉकलेट पण नाही. केळं थोडं चालतं, ते आपल्याकडे कमी नाही 🙂 आणि ताप वाटला म्हणून स्वतः क्रोसिन देऊ नका, मांजराला तर अर्धी गोळीही जीव घेते. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर मालकाची वाट बघायची नाही, घेऊन या, रुसलंय म्हणून सोडून देतात लोक आणि लिव्हरवर जातं.

कुत्रे स्वतःच्या घरी ठेवायचं विचारलंत, माझं मत आत्ता नको. एका पिल्लाला पार्वो (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) निघाला तर तो विषाणू फरशीत-मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाईलने जात नाही, ब्लीच लागतं. आणि गोचीड एकाच्या अंगावरून घरात, घरातून बाकी दहांवर. अकरा घरं फिरता तेव्हाही एका घरातून दुसऱ्या घरात जाताना चपला बाहेर आणि हात धुऊन. लसीचं कार्ड बघितल्याशिवाय काम घेऊ नका, रेबीजची तारीख आधी बघा. आणि तुम्ही स्वतः? रेबीजची आधी घ्यायची लस असते, हे काम करणाऱ्याने घ्यावीच. चावलं किंवा नखाने ओरखडलं तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखाना, घरचा कुत्रा आहे काही होत नाही हे मनात आणायचं नाही.

अमळनेर_टू_पुणे:
मी गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहिते. आईबाबा अमळनेरला, त्यांचा इंडी म्हणजे देशी कुत्रा आहे, ते माझ्याकडे आले की कुत्र्याचं काय हा दरवेळचा वाद, बाबा तर त्यापायी दोनदा पुण्याला आलेच नाहीत. आता एक मुलगा येतो. खरं सांगू, मला त्याचे रेट माहीत पण नव्हते आधी, मी फक्त हे बघितलं की तो वेळेवर फोटो टाकतो का. एकदा फोटो नाही आला तर बाबांनी सकाळी सहाला मला उठवलं. आणि सोबत मित्राला घेऊन गेला होता ते शेजाऱ्यांनी सांगितलं, ते मात्र नाही आवडलं, आम्ही चावी एकाला दिली होती.

२०० फार कमी घेतेस गं. पेट्रोल, वेळ, शी उचलणं. कमी घेतलं की लोकांना वाटतं पोरगी हौसेने करते, मग ८०० बुडवायला पण काही वाटत नाही. ३५० कर, सणाला जास्त. दोन-तीन जण जातील, जाऊ दे.

भुसावळ_यार्ड:
+१. दिवाळीला मी दीडपट घेतो, त्यात फटाके असतात, पाडव्याला संध्याकाळी सात ते अकरा कुत्र्याजवळ बसावं लागतं. आपली दिवाळी तर गेलीच.

कागदपत्रांचं पण करून घे. उद्यमचं, म्हणजे छोट्या धंद्याचं, रजिस्ट्रेशन सरकारी साईटवर फुकट आहे, कोणी हजार-दीड हजार मागितले तर देऊ नको. गुमास्ता म्हणतात तेही, म्हणजे दुकान-धंद्याची नोंदणी, कामाला माणसं कमी असतील तर नुसती ऑनलाईन सूचना द्यायची असते. जीएसटीची काळजी वर्षाला २० लाखाचं काम झालं की कर, तोपर्यंत मला पार्टी दे.

मेहरूणवाली:
सगळ्यांना खूप थँक्यू, डॉक्टर तुम्हाला विशेष, टॉवेलचं मला खरंच माहीत नव्हतं, मी तर वरून आणखी एक घट्ट गुंडाळला होता. लसीचं विचारायला सोमवारी जाणार.

आज अकरा घरांच्या ग्रुपवर एकच मेसेज टाकला, ३००, सणाला ४५०, निम्मे आधी, उन्हाळ्यात पगला तीन चकरा. सात जणांचं ओके आलं. एका काकूंनी ग्रुपच सोडला. पगवाल्यांच्या निळ्या टिक्स आल्यात फक्त. त्यांना बिलाचा फोटो वेगळा पाठवला, खाली एवढंच लिहिलं की दोन चकरा ठरल्या होत्या तो तुमचाच मेसेज वर आहे. आईला नाही सांगितलं अजून.

दोन शंका. एका घरी हिरवा पोपट आहे पिंजऱ्यात, ते पण सांभाळशील का विचारून राहिलेत. आणि एका फ्लॅटला लॅचवालं, लोटलं की आपोआप लॉक होणारं दार आहे, त्याचं काय करता?

धुळ्याचा_जनावरांचा_डॉक्टर:
पोपट घेऊ नका. आपला साधा हिरवा राघू वन्यजीव कायद्यात येतो, १९७२ चा कायदा, पाळणंच गुन्हा आहे. घरोघरी असतो तो भाग वेगळा, पण तुमच्या धंद्याच्या यादीत तो नको. परदेशी बजरीगर, म्हणजे ते छोटे पोपट, असतील तर चालतं.

भुसावळ_यार्ड:
लॅचच्या घरी चावी गळ्यात, दोरीने. खिशात नाही, स्कूटीला तर अजिबात नाही. कचरा टाकायला दोन पावलं बाहेर गेलीस, कुत्र्याने आतून दाराला धक्का दिला की संपलं, कुत्रा आत, फोन आत, आणि तू मोज्यांवर जिन्यात. माझं झालंय. कुलूपवाला रविवारी ६०० घेतो.