‘लोकांना विचारून दवाखाने चालत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी

कंदील:
परवा शून्यप्रहर यांनी लिहिलं की, आरोग्यसेवेची आखणी करताना स्थानिक लोकांना बरोबरीची जागा देणं म्हणजे वैमानिकाने प्रवाशांना विचारून विमान उडवणं. वाचून इतकी चिडचिड झाली की तिथे दोन ओळी लिहून भागणार नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

विमान कसं उडवायचं हे प्रवासी सांगत नाहीत, कबूल. पण कुठे जायचं, कधी निघायचं हे तर त्यांच्याच गरजेवर ठरतं ना?

मी दोन वर्षं एका रुग्णालयाच्या सल्लागार समितीत होते, रुग्णांच्या नातेवाइकांच्या वतीने. आईचं डायलिसिस चालू होतं. पहिल्याच बैठकीत कळलं की नव्या विभागाचा नकाशा आधीच मंजूर झालाय. डायलिसिस पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. सुया काढल्यावर आईचे पाय लटपटायचे, भिंतीला धरून वीस पावलं जेमतेम जायची. हे सांगायला तोंड उघडलं, तर माझ्यासमोर रंगाच्या चार छटांचे तुकडे ठेवले. ‘भिंतींना यातला कोणता बरा वाटतो?’ मी फिकट पिवळा म्हटलं. इतिवृत्तात नोंद झाली : समुदायाचा सहभाग घेण्यात आला.

अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात नुसतं मत विचारणं चौथ्या पायरीवर आहे, भागीदारी सहाव्या. मला तर चौथीवरही धड उभं केलं नाही.

शून्यप्रहर:
तुमच्या आईंच्या बाबतीत झालं ते चूकच. पण ती त्या नकाशा काढणाऱ्याची चूक. त्यावरून सगळी पद्धत उलटी करायची?

अठरा वर्षं दवाखान्यात काढल्यावर बोलतोय. ‘समुदाय’ म्हणजे नक्की कोण? बैठकीत ज्याचा आवाज मोठा, तो. एका बैठकीत स्कॅनच्या मशीनवरून दोन तास वादावादी झाली. मी सांगत होतो की लशींचा फ्रीज वारंवार बंद पडतोय, शीतसाखळी तुटतेय, म्हणजे लशी सतत थंड राहत नाहीत. त्यावर एकानेही प्रश्न विचारला नाही. मशीन दिसतं, न झालेला गोवर दिसत नाही. अशांना बरोबरीचं मत देऊन मी काय करू?

आणि पुरावा म्हणाल, तर युगांडाचा बघा. ५० पैकी २५ आरोग्यकेंद्रांच्या परिसरात लोकांना सेवेची माहिती दिली, कर्मचाऱ्यांसोबत बसून सुधारणांचा आराखडा करवला. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २००९ मध्ये आला आणि जगभर टाळ्या पडल्या. पुढे त्याच धर्तीवर कितीतरी जास्त केंद्रांवर प्रयोग झाला, तेव्हा मृत्यूंवर परिणाम दिसला नाही.

पाणवठा:
युगांडा सांगता, मग नेपाळही सांगा. मकवानपूरमध्ये बायकांचे गट दर महिन्याला बसायचे. बाळंतपणातल्या अडचणी कोणत्या, त्यातली आधी कुठली घ्यायची, उपाय काय करायचा, हे त्यांनी ठरवलं. २००४ मध्ये निष्कर्ष आले : नवजात बालकांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी.

आणि गडचिरोली कसं विसरलात? आदिवासींनी डॉ. अभय आणि राणी बंग यांना सांगितलं की मोठ्या इस्पितळाची भीती वाटते. मग त्यांच्या संस्थेच्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. नाव दिलं आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचं. ‘घाबरू नका’ अशी पत्रकं वाटून हे झालं असतं का?

शून्यप्रहर:
दवाखाना कसा दिसावा ते लोकांनी सांगितलं. न्यूमोनिया झालेल्या बाळाला कोणतं औषध किती द्यायचं, ते डॉक्टरांनीच ठरवलं ना? माझं म्हणणं तेच आहे. शिवाय बांगलादेशात बायकांच्या गटांचा पहिला मोठा प्रयोग झाला, त्यात मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. तो का गाळलात?

पाणवठा:
गाळला नाही, त्यावर येतच होते. तिथे लोकसंख्येच्या मानाने गट फारच कमी होते, गरोदर बायका त्यांत पोहोचल्याच नाहीत. नंतर बायकांच्या गटांचे सात प्रयोग एकत्र तपासले. जिथे निदान ३० टक्के गरोदर बायका गटात आल्या, तिथे नवजात मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. म्हणजे मूठभर लोकांना बोलावून ‘सहभाग’ म्हटलं, तर काहीच होत नाही.

रातराणी:
मी परिचारिका आहे. दोन्ही बाजूंना विचारते, आम्हाला कोण विचारतं? वॉर्डाचं वेळापत्रक बदलल्याचं मला फलकावरून कळतं.

असो. लोक का येत नाहीत, ते सांगते. बैठक असते सकाळी अकराला. तेव्हा कोण मोकळं असतं? निवृत्त माणसं आणि ज्यांची कामं दुसरं कोणीतरी करतं ती. आमच्याकडे एक घरकाम करणारी बाई एकदाच आली होती. औषधांच्या खिडकीवर नाव आणि आजार मोठ्याने पुकारतात, म्हणून क्षयाचे रुग्ण गोळ्या न घेताच परत जातात, हे तिने सांगितलं. तोवर आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या बैठकीला ती आली नाही. तिची एक दिवसाची मजुरी बुडाली होती. मानधन द्या, मग बरोबरीच्या गप्पा मारा.

आडवाट:
इथे मात्र तीव्र असहमत. पैसे द्यायला लागलात की पैशासाठी येणारेच उरतील. माझ्या वडिलांनी बारा वर्षं अशाच समितीत एक छदाम न घेता काम केलं. सेवेला दर लावू नका.

कंदील:
आडवाट, त्या खोलीत डॉक्टर पगारावर, अधिकारी पगारावर, नकाशा काढणारा तर फीवर. फुकट बसते ती फक्त ती बाई. सेवाभावाची अपेक्षा नेमकी तिच्याकडूनच का?

रातराणी:
आणि वडिलांना पेन्शन असेल. पोट भरलेलं असलं की सेवा सुचते.

आडवाट:
वडिलांवर जायचं काम नाही. पेन्शन नव्हती. दुकान बंद ठेवून जायचे आणि त्यावरून घरात भांडणं व्हायची, ती मी ऐकली आहेत. माहिती नसताना लिहू नका.

रातराणी:
पेन्शनचं चुकलं, मागे घेते. पण तुम्हीच आता सांगितलंत की बारा वर्षं त्याची किंमत तुमच्या घराने मोजली. आई काय म्हणत होती, ते कोणी इतिवृत्तात लिहिलं?

आडवाट:
यावर आज बोलणार नाही.

शून्यप्रहर:
धागा मानधनात अडकलाय, पण खिडकीची गोष्ट मला लागली, म्हणून लिहितो. माझ्याकडे फेरतपासणीला रुग्ण येत नसत. कितीतरी वर्षं मी त्याला बेफिकिरी म्हणत आलो, तसे शेरे केसपेपरवर लिहिले. एकदा एका म्हाताऱ्याला खडसावलं, तर तो म्हणाला, ‘डॉक्टर, नोंदणी नऊला बंद होते, पहिली गाडी साडेनऊला पोचते.’ वेळ मी बदलून घेतली. पण तो म्हातारा बोलला नसता, तर मी अजूनही शेरेच लिहीत बसलो असतो. तेव्हा वेळ, जागा, रांग, वागणूक हे लोकांसोबत बसून ठरवा, माझी हरकत मागे. औषधाच्या मात्रेवर आणि बजेटवर मतदान नको.

कंदील:
मात्रेवर मतदान मागितलंय कोणी? पण बजेट का नको? ब्राझीलमध्ये १९९० च्या कायद्यापासून आरोग्य परिषदांतल्या निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांच्या आहेत. अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या १९७८ च्या जाहीरनाम्यात आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य म्हटलंय. पैसे कुठे जाणार ते ठरल्यावर बोलावलं, तर पुन्हा रंगाचे तुकडेच हातात येतात. लिफ्ट डायलिसिसजवळ घेतली असती, तर खर्च वाढला असता. त्या खर्चाला कोणी ‘नाही’ म्हटलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शून्यप्रहर:
निम्म्या जागांना माझा विरोध कायम आहे. मशीन की फ्रीज, या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

पाणवठा:
फ्रीज बंद पडला तेव्हा त्याच्या नोंदी त्या लोकांना दाखवल्या होत्या का? की थेट बैठकीतच पहिल्यांदा बोललात?

शून्यप्रहर:
नव्हत्या दाखवल्या.

आडवाट:
काल रागात होतो. मानधनाबद्दल माझं मत तेच आहे. बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च द्या, फक्त त्याला मानधन म्हणू नका.

रातराणी:
नाव काहीही ठेवा, पण बैठकीच्या दिवशीच हातात द्या. बिलं मंजूर होऊन तीन महिन्यांनी मिळणार असेल, तर ती बाई पुन्हा येणार नाही. आणि बैठक संध्याकाळी घ्या.