मदत हवी आहे: कार्बन स्टीलची सुरी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला गंजाचं कसं समजावता?

नमस्कार मंडळी,

मी ऑर्डरप्रमाणे स्वयंपाकाच्या सुऱ्या करून देतो. हल्ली बरेच जण म्हणतात, "स्टेनलेस नको, आजीच्या विळीसारखं पोलाद हवं." मलाही तेच आवडतं. मी बहुतेक वेळा ईएन ३१ (बेअरिंगचं पोलाद) वापरतो. धार अशी बारीक लागते की कोथिंबीर चिरल्यावर बोर्डवर हिरवा डाग उरत नाही, आणि घरच्या दगडावर ती परत लावता येते.

अडचण पुढे आहे. महिनाभरात फोटो येतो, "निळी-काळी पडली, माल खराब आहे का?" कैरी, लिंबू, केळफूल चिरलं की हे होणारच. हा करडा थर पातं थोडंफार सांभाळतो, खरा शत्रू लाल गंज, हे ऑर्डर घेतानाच सांगतो. 'चिरून झालं की लगेच धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा' अशी चिठ्ठीही डब्यात घालतो. ती कोण वाचतं देव जाणे! एकांनी तर मलाच ऐकवलं, "यात क्रोमियम आहे म्हणालात ना?" अहो, आहे दीडेक टक्का, स्टेनलेसला निदान साडेदहा लागतं.

मधे कार्बनची पट्टी आणि दोन्ही अंगांना स्टेनलेस असं पातं सुचवून पाहिलं. फक्त धारेकडचा पट्टा काळा पडतो. उत्तर आलं, "म्हणजे भेसळच की!" वर किंमत जास्त, ती वेगळीच.

तर अनुभवी लोकांना विचारायचंय: तुम्ही व्हिनेगरने थर आधीच चढवून देता का? मी दिला तर काहींना सुरी 'वापरलेली' वाटते. आणि कोकणातल्या, अगदी समुद्राकाठच्या घरांसाठी कार्बनची ऑर्डर घेता की सरळ नाही म्हणता?

अजून एक. काही जण आजोबांच्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा घेऊन येतात, "यातूनच करा." मी आधी एक तुकडा कापून, लोहचुंबक धरेनासं होईपर्यंत आणि वर थोडा तापवून तेलात बुडवतो. कानस घसरली तर पोलाद पाणी धरतंय, म्हणजे कडक होतंय म्हणायचं, मग तुकडा मोडून आतला दाणा बघतो. पण जुन्या पाट्यातली केसासारखी चीर या तुकड्यात दिसेलच असं नाही. अख्खं पातं पाणी देताना तडकलं तर मजुरी कोणाच्या माथी? आगाऊ लिहून घेत असाल तर नेमकं काय लिहून घेता, तेवढा मजकूर इथे टाकाल का?