५०६० की ९०६० एक्सटी? आठ जीबीवर पैसे घालायच्या मी विरोधात आहे

रामबागकर :
ओळखीतल्या पोरांचं सध्या एकच चाललंय : ग्राफिक्स कार्ड म्हणून एनव्हिडियाचं आठ जीबी मेमरीचं आरटीएक्स ५०६० घेऊ की एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी? माझ्याशी बोलतात, मान डोलावतात, मग इथे इंदूरच्या सिल्वर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक चक्कर मारून येतात आणि ५०६० वर ठाम झालेले असतात. म्हणून मत इथे उघडच मांडतो. नवीन कार्डाला पैसे मोजायचेच असतील तर आठ जीबीवर मोजू नका. ९०६० एक्सटीचं सोळा जीबीवालं घ्या.

दोन्ही २०२५ च्या मे-जूनमधली. तेव्हाचा जाहीर भाव ५०६० चा २९९ डॉलर, सोळा जीबीच्या ९०६० एक्सटीचा ३४९. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आणि मधल्यांचा नफा धरून हे अंतर काही हजारांचं होतं, कबूल. पण रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खऱ्यासारखा हिशेब) बंद ठेवलं तर बहुतेक गेम्समध्ये ९०६० एक्सटी थोडं पुढेच असतं, आणि मेमरी दुप्पट मिळते.

५०६० वाले लगेच जीडीडीआर७ चं, म्हणजे त्या कार्डातल्या मेमरीच्या जातीचं, नाव काढतील. ती वेगवान आहे, सेकंदाला ४४८ जीबी, समोरच्याची ३२० च्या आसपास. पण आठ जीबी भरले की जे मावलं नाही ते मदरबोर्डवरून साध्या रॅममध्ये जा-ये करतं. तिथे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग कामाला येत नाही, बोर्डाचा येतो. ५०६० ला लेन, म्हणजे बोर्डाशी बोलायच्या वाटा, आठच आहेत, ९०६० एक्सटीला सोळा. नव्या बोर्डवर हे फारसं जाणवत नाही. बी४५० सारखा पीसीआय एक्सप्रेस ३ चा (कार्ड जोडायच्या वाटेची जुनी, हळू पिढी) बोर्ड असेल तर आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम आठ जीबी जातात. आणि मला सांगा, इंदूरमधल्या किती घरांत बी४५० च आहे? कार्ड बदलणाराच बोर्ड जुना ठेवतो. सगळं नवं घ्यायची ऐपत असती तर तो या दोन कार्डांत अडकलाच नसता.

सुदामानगरी :
काका, सगळं खरं, पण पोरं खेळतात काय ते तरी बघा! व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५, फार तर फुटबॉल. मॉनिटर १०८० पीचा. आठ जीबी भरणार कधी? व्हॅलोरंटला तर माझं जुनं १६५० कार्ड पण पुरतं. तुम्ही जे सांगताय ते नव्या मोठ्या गेम्समध्ये, टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवल्यावर होतं. एक पायरी खाली आणा, हलत्या चित्रात फरक दिसणारही नाही.

शिवाय एनव्हिडियाचा अपस्केलर (लहान चित्र काढून मोठं करणारं तंत्र) डीएलएसएस किती गेम्समध्ये आहे ते मोजा आणि एएमडीचा एफएसआर ४ किती गेम्समध्ये आहे ते मोजा. १०८० पीवर क्वालिटी मोड लावला की कार्ड आतून ७२० पीच काढतं, बाकी चित्र अंदाजाने भरलं जातं. एवढ्या कमी माहितीवरून चित्र सावरायचं तर अपस्केलर चांगला लागतो, आणि त्यात एनव्हिडियाच पुढे आहे. आणि विकायला काढाल तेव्हा बघा, एनव्हिडिया दोन दिवसांत जातं. एएमडीला "ड्रायव्हरचा काही लोचा तर नाही ना?" हा पहिला प्रश्न.

रामबागकर :
जुन्या एफएसआर २ आणि ३ ची बदनामी तू एफएसआर ४ वर लादतोयस. ४ मशिन लर्निंगवर चालतो, चित्रात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गेम्स कमी आहेत हे मान्य.

पण ५०६० विकताना सांगतात तो "दुप्पट-तिप्पट एफपीएस" (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) कुठून येतो? मल्टी फ्रेम जनरेशनमधून. मधल्या फ्रेम कार्ड स्वतः बनवतं, तुझ्या माउसचं त्यात काही नसतं. मूळचे साठेक एफपीएस असतील तर चित्र छान गुळगुळीत होतं. मूळचे तीस असतील तर आकडा शंभरावर दिसतो आणि हाताला तीसच लागतात. पोहेच गार झालेले असले तर वरून कितीही जिरावण भुरभुरवा! वर हे सगळं चालवायला पण मेमरी लागते, जी आठच आहे.

आणि ५०६० बाजारात आलं तेव्हा बहुतेक समीक्षकांना आधी ड्रायव्हरच दिला नव्हता. माल चांगला असला की लोक दाखवायला लाजत नाहीत.

सुदामानगरी :
एएमडी काय धुतल्या तांदळाची आहे? त्यांच्याच फ्रँक एझॉर नावाच्या अधिकाऱ्याने तेव्हा जाहीर लिहिलं होतं की बहुतेक गेमर अजून १०८० पीवरच खेळतात, त्यांना आठ जीबीच्या पुढे लागत नाही. म्हणजे तुमची आवडती कंपनीच माझ्या बाजूने बोलतेय.

काउंटरपलीकडून :
मी दुकानात बसतो. कुठल्या ते विचारू नका. सगळे आम्हाला शिव्या घालताय म्हणून दोन शब्द.

आम्ही ५०६० पुढे सरकवतो कारण गिऱ्हाईक नावच ते घेऊन येतं. एएमडी विकलं आणि एखादा गेम बंद पडला की महिनाभर फोन, एनव्हिडिया विकलं आणि तोच गेम बंद पडला की पोरगा गेमला शिव्या देतो. धंदा आहे, भिया.

पण तुम्ही दोघं ज्यावर बोललाच नाहीत ते सांगतो. ९०६० एक्सटी आठ जीबीमध्ये पण येतं, बाजारात आलं तेव्हा २९९ डॉलरवालं. नाव अगदी तेच. पोरगा इथे वाचून "९०६० एक्सटी द्या" म्हणत येतो, कुठेतरी दोन-तीन हजार कमी ऐकतो आणि खुशीत आठ जीबी उचलून घरी जातो. खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आमच्याकडे पण नाही.

आर्किटेक्ट_होणार :
फक्त गेमिंगच धरून चाललाय सगळे. मी कॉलेजचं काम याच मशिनवर करते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एनव्हिडियाला ऑप्टिक्स (त्यांचं वेग वाढवणारं तंत्र) आहे, रेंडर (तयार चित्र) पटकन निघतो. एएमडी एचआयपी या त्यांच्या तंत्रावर चालतं, चालत नाही असं मी म्हणत नाही, पण वेळ जास्त जातो. आणि निम्मे प्लगइन आणि एआयवाली सॉफ्टवेअर्स आधी कूडा (फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालणारी प्रणाली) मागतात. आईबाबांना "अभ्यासाला लागतं" सांगून कार्ड घेतलंय, तर अभ्यास पण झाला पाहिजे ना!

रामबागकर :
बाई, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार. पण सीन आठ जीबीत मावला नाही की काय होतं, ते तुम्हीच सांगा.

आर्किटेक्ट_होणार :
रडतं. झाडं घातली की रडतं. म्हणून तर म्हणते, माझ्यासारखीने एनव्हिडियाचंच ५०६० टीआय सोळा जीबीच घ्यावं, आलं तेव्हा ४२९ डॉलरचं. तुम्हा दोघांची दोन्ही कार्डं मला नकोच.

दीडशे_युनिट :
विजेचं कोणी बोलेना. एएमडी जास्त वॅट खातं असं ऐकलंय. आमच्याकडे महिन्याचे दीडशे युनिट ओलांडले की अटल गृह ज्योतीची (मध्य प्रदेश सरकारची वीजबिलाची योजना) सवलत जाते, मग वडील माझ्या खोलीचा मेन स्विचच बघतात.

रामबागकर :
५०६० चे १४५ वॅट, ९०६० एक्सटी सोळा जीबीचे १६०. फरक पंधरा वॅटचा. रोज चार तास पूर्ण ताणून खेळलास तरी महिन्याला १.८ युनिट. मे महिन्यात त्या खोलीत कूलर किती तास चालतो ते आधी मोज, मग एएमडीला बोल लाव.

लष्करवाला :
ग्वाल्हेरहून लिहितोय. रामबागकरांचा बोर्डाचा मुद्दा बरोबर, पण तो अर्धाच आहे. तुम्ही लोकांना "बी५५० सारखा नवा बोर्ड असेल तर काळजी नको" असं वाटायला लावताय. कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते तेव्हा कितीतरी जणांनी एएमडीचा रायझन ५६००जी प्रोसेसर घेतला, की आत्ता आतल्या ग्राफिक्सवर भागवू, कार्ड मागाहून टाकू. तीच मंडळी आता कार्ड टाकायला निघालीत. आणि ५६००जी मध्ये पीसीआय एक्सप्रेस ३ च आहे, बोर्ड बी५५० असो नाहीतर आणखी भारी. साध्या ५६०० मध्ये ४ आहे, नावामागे 'जी' लागलेल्यात नाही. इंटेलमध्ये दहाव्या पिढीपर्यंत ३ च, म्हणजे १०४००एफ वाले पण त्याच रांगेत.

तेव्हा बोर्डाचं खोकं शोधू नका, प्रोसेसरचं नाव बघा.

सुदामानगरी :
दादा, हे माहीत नव्हतं, उपयोगाचं आहे. पण माझा मूळ मुद्दा तसाच उभा आहे. लेन आठ असोत की सोळा, मेमरी भरली तरच त्यांचा एवढा फरक पडतो. व्हॅलोरंटमध्ये ती भरतच नाही. जे होणार नाही त्याच्या भीतीने पोराने पाच हजार जास्त का द्यावेत? त्या पाच हजारांत मॉनिटर १४४ हर्ट्झचा होईल, तो त्याला रोज दिसेल.

रामबागकर :
आज व्हॅलोरंट खेळतोय. कार्ड चार-पाच वर्षं ठेवणार आहे. डूम द डार्क एजेससारखे गेम्स आता रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय सुरूच होत नाहीत, आणि रे ट्रेसिंग स्वतः मेमरी खातं. दोन वर्षांनी पोराला तसलं काही खेळावंसं वाटलं तर मॉनिटर विकून मेमरी वाढवता येते का?

सुदामानगरी :
दोन वर्षांनी तो बेंगळुरूला नोकरीला असेल, हातात लॅपटॉप.

दीडशे_युनिट :
भांडण मध्येच तोडतो, माझं तेवढं सांगा. १०४००एफ आहे, एसएमपीएस (मशिनचा पॉवर सप्लाय) ४५० वॅटचा, बऱ्या कंपनीचा. सहाशे व्हीएचा यूपीएस. गेम : जीटीए ५, सायबरपंक, सुट्टीत जे मिळेल ते.

सुदामानगरी :
५०६०. १४५ वॅट, निवांत चालेल. सायबरपंकला डीएलएसएस लाव.

लष्करवाला :
सुदामानगरी, तुझ्या एनव्हिडियानेच ५०६० साठी ५५० चा एसएमपीएस सांगितलाय, एएमडीने ९०६० एक्सटीला ४५०. प्रत्यक्षात कार्ड कोणतंही असो, एवढ्या सामानाला ४५० चा चांगला एसएमपीएस पुरेल. पण दीडशे, १०४००एफ वर आठ लेनचं कार्ड आणि सायबरपंक, रे ट्रेसिंगसकट? ९०६० एक्सटी सोळा जीबीच घे. आणि सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, गेम चालू असताना लाइट गेली तर सेव्ह करून लगेच बंद कर.