मंडळाचा लॅपटॉप: रॅम की एसएसडी? शनिवारच्या आत कळवा

प्रेषक: सचिव
सर्वांना नमस्कार.
काल तालमीत लॅपटॉप पुन्हा अडकला. दिवाळी पहाटेला झालं तेच. पाडव्याला हे व्यासपीठावर झालं तर निवेदन करणारीने किती वेळ सांभाळून घ्यायचं? समितीने दहा हजार मंजूर केलेत. पणजीतला दुकानदार म्हणतो, रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) सोळा जीबी करा, एसएसडी (न फिरणारी, जलद डिस्क) टाका, बॅटरी बदला, पंखा साफ करून घ्या. सगळं केलं तर दहा हजारांत बसत नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी शनिवारच्या आत लिहा. सोमवारी मी पणजीला जाणार आहे.

प्रेषक: वास्कोचे काका
सचिवताई, रॅम वाढवा. बाकी काही नको. नातवाच्या लॅपटॉपला चारची आठ केली आणि तो पळायला लागला. आणि तालमीच्या वेळी मशीन कोण हाताळत होतं? ज्यांनी त्यांनी हवं ते त्यावर भरून ठेवलंय. मागच्या वर्षी मी सगळं नीट लावून दिलं होतं.

प्रेषक: मडगावहून
काका, नातवाच्या मशीनमध्ये आधीपासून एसएसडी असेल, म्हणून रॅमने फरक पडला. मंडळाच्या मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. ती सेकंदाला जेमतेम शंभर एमबी वाचते, आणि तेही एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली उघडतात, तिथे तिचा जीव जातो. साधी एसएसडीसुद्धा पाचशेच्या वर जाते आणि बारीक फाइलींना अडत नाही.

पण माझ्या सांगण्यावरूनही खरेदी करू नका. आधी मोजा. ताई, मशीन चालू केल्यावर काही न उघडता टास्क मॅनेजर बघा, म्हणजे मेमरी (रॅम) आणि डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. मेमरी निम्म्यावर आणि डिस्क शंभर टक्के असेल तर दोष डिस्कचा. मग पीपीटी, ब्राउझर आणि झूम एकदम उघडा. मेमरी नव्वदच्या वर गेली तर रॅमही कमी पडतेय. हे दोन आकडे वेगवेगळे घ्यायलाच हवेत, कारण रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर टाकतं. तेव्हा डिस्क शंभरवर दिसते, पण मूळ कारण रॅम असतं.

तिथेच मेमरीच्या पानावर रॅमचे किती स्लॉट (खाचा) आहेत आणि किती भरलेत तेही दिसतं. ते लिहून आणा. रॅमचा प्रकार डीडीआर३ की डीडीआर४ हे बघितल्याशिवाय रॅम घेऊ नका. एकाची काडी दुसऱ्याच्या खाचेत बसतच नाही. आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढलेत, त्यामुळे सोळा जीबीचा आग्रह मला अजिबात पटत नाही.

प्रेषक: खजिनदार
दहा हजार मंजूर आहेत म्हणजे ते संपवायचेच असं नाही. माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. हा लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा आहे. विंडोज १०चा नेहमीचा आधार (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं. अशा मशीनवर सभासदांचे पैसे का घालायचे? सभासदांची यादी आणि फोन नंबर त्यात आहेत, ही जबाबदारी आपली आहे.

प्रेषक: दुबईहून
एसएसडी मी पाठवू का? पुढच्या आठवड्यात धाकटा भाऊ म्हापशाला येतोय.

प्रेषक: वास्कोचे काका
दुबईहून नको. बिघडली तर वॉरंटीला परत तिकडे पाठवावी लागेल.

प्रेषक: मडगावहून
खजिनदारांचा मुद्दा योग्य आहे. विंडोज १०ची जादा सुरक्षा अपडेट नोंदवून घेतली तर ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. पाडवा आणि चवथ त्यात निघते. त्यानंतर सभासदांची यादी या मशीनवर ठेवू नये. तेव्हा ते फक्त सभागृहात पडद्यावर दाखवायला वापरावं, इंटरनेट न जोडता. म्हणूनच म्हणतो, यात तेवढंच घाला जे उद्या काढून दुसरीकडे लावता येईल. अडीच इंची एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घातली की बाहेरची डिस्क म्हणून वर्षानुवर्षं चालते. प्रोसेसर बोर्डाला डाखलेला आहे, तो बदलता येत नाही. कुणी तसं सुचवलं तर ऐकू नका.

प्रेषक: सचिव
मोजलं. काही न उघडता: मेमरी ५८ टक्के, डिस्क १००, आणि ती बराच वेळ शंभरवरून हलली नाही. तिन्ही उघडल्यावर: मेमरी ९४. डीडीआर४, दोन स्लॉट, एक रिकामा, दुसऱ्यात चार जीबी. दुबईच्या दादांचे आभार, पण बिल मंडळाच्या नावाने हवं म्हणून इथेच घेऊ. टचपॅडचं डावं बटण दाबलं जात नाही, तेही दुकानात दाखवीन. माऊस लावून काम चालतं.

प्रेषक: मडगावहून
ताई, हे आधी वाचा. टचपॅड मधे किंचित वर आलंय का? लॅपटॉप टेबलावर सपाट बसतो की डुगडुगतो? या मॉडेलची बॅटरी टचपॅडच्या खालीच असते. ती फुगली की वरचं बटण दाबलं जात नाही. तसं असेल तर चार्जर काढा, मशीन बंद करा आणि सोमवारपर्यंत चालू करू नका. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते. सभागृहाच्या कपाटात तर नकोच, तिथे पडदे आणि गणपतीची मखरं ठेवलेली आहेत. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, दुकानदाराकडेच ई-कचऱ्यासाठी द्या.

प्रेषक: सचिव
वर आलंय. टेबलावर डुगडुगतंय. बंद करून घरी व्हरांड्यात फरशीवर ठेवलंय.

प्रेषक: मडगावहून
बरं केलंत. मग माझ्या मते क्रम असा: बॅटरी पहिली. मग अडीचशे जीबीची एसएसडी, आपल्या कामाला पुरते. पैसे उरले तर रिकाम्या स्लॉटमध्ये चार जीबीची एक काडी. एसएसडी आल्यावर रॅम भरली तरी आजच्याइतकं अडणार नाही, म्हणून काडी शेवटी. मागचं झाकण उघडलेलंच असेल, तेव्हा पंखाही साफ करून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत धूळ पात्यांना चिकटून बसते आणि तापलं की प्रोसेसर आपणहून मंदावतो. त्याला वेगळे पैसे पडू नयेत.

प्रेषक: खजिनदार
बॅटरी दुरुस्तीच्या खात्यात जाईल, एसएसडी मालमत्तेच्या. दोन वेगळी बिलं आणा. रॅम घेण्याआधी मला फोन करा.

प्रेषक: वास्कोचे काका
काढलेली हार्ड डिस्क कुणाकडे राहणार? कला अकादमीतल्या आपल्या नाटकांची चित्रणं त्यावरच आहेत आणि ती मी गोळा केली आहेत. दुकानात ती पुसून टाकतील.

प्रेषक: मडगावहून
काका, डिस्क पुसायची नाही असं बिलावरच लिहून घेऊ. ताई ती परत आणतील. पण जुनी फिरती डिस्क हे चित्रणं ठेवायचं ठिकाण नव्हे. ती सगळी दोन ठिकाणी उतरवून ठेवू, एक प्रत तुमच्याकडे, एक मंडळाच्या कपाटात. रविवारी डबी घेऊन वास्कोला येतो. कोणतं चित्रण कोणत्या नाटकाचं ते तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा फाइलींना नावं द्यायला तुम्ही बसा.

प्रेषक: वास्कोचे काका
सोमवारी डिस्क निघणार, मग रविवारी काय उतरवणार? मंगळवारी या. चारनंतर.