कोल्ड प्लाझ्माला मराठीत काय म्हणावं?

पारिजातक: दिवाळी अंकासाठी लेख मराठीत करतेय. मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमेवर कोल्ड प्लाझ्मा मारला की तिथल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी जास्त जोमाने लढतात का, यावर जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला बरंच काम चाललंय, ते. मी 'थंड प्लाझ्मा' लिहिलं तर आई म्हणाली, फ्रिजमधली रक्ताची पिशवी का? २०२० मध्ये 'प्लाझ्मा डोनर हवा'चे मेसेज फिरायचे ना, तेच डोक्यात. इथे रक्ताचा संबंधच नाही, आरगॉन वायूतून वीज सोडतात आणि पेनासारख्या नळीतून निळी-जांभळी ज्योत येते. शब्द सुचवा.

ओसरीवरचा: विश्वकोशात आहे की, आयनद्रायू! द्रव आणि वायू मिळून द्रायू. रक्तातला तो रक्तद्रव. दोन गोष्टींना दोन शब्द, इंग्रजीला जमलं नाही ते आपल्या लोकांनी करून ठेवलंय. 'शीत आयनद्रायू' लिहा बिनधास्त.

खडूफळा: कोणाला कळणार ते? मी फिजिक्स शिकवते, वर्गात सगळे प्लाझ्माच म्हणतात. आणि शीत तर अजिबात नको, तो वायू साधारण अंगाइतका गरम असतो, ४० डिग्रीच्या आतबाहेर. इलेक्ट्रॉन हजारो डिग्रीचे असतात पण फार थोडे अणू आयन, म्हणजे वीजभारित, झालेले असतात म्हणून कातडी भाजत नाही. वेल्डिंगच्या प्लाझ्माच्या मानाने थंड, एवढंच. कोमट म्हणा!

जुनी वही: पारिजातक, आईंचं अगदीच चूक नाही हं. लँगम्युअर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ साली या वायूला प्लाझ्मा म्हटलं ते रक्ताच्या प्लाझ्मावरूनच सुचलं, अशी आठवण त्याच्या सहकाऱ्याने लिहून ठेवलीय.

पारिजातक: अरे वा. अजून एक, ज्योतीमुळे हवेत नि जखमेच्या ओलाव्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड वगैरे बनतं, आणि यातलं पेरॉक्साइड पांढऱ्या पेशी जंतू मारायला स्वतःही बनवतात. थोडा डोस मिळाला की त्या जाग्या होतात, जास्त झाला तर त्याच मरतात. याला 'उत्तेजित करणे' नको वाटतं.

मळ्याकाठ: चेतवणे. चूल चेतवतात तसं. पेशी चेतवल्या.

ओसरीवरचा: चेतवणे झकास. पण पेशी का, कोशिका लिहा. संस्कृतात पेशी म्हणजे स्नायू, मांसपेशी म्हणतोच ना आपण.

खडूफळा: बालभारतीत पिढ्यान्‌पिढ्या पेशीच शिकलोय सगळे! संस्कृतात काय होतं त्याने मराठी ठरत नाही.

मळ्याकाठ: जखमेच्या ओलाव्याला आमच्याकडे लस म्हणतात, 'पायाला लस सुटलीय'. लेखात तोच शब्द घ्या.

खडूफळा: मग वाचक म्हणणार इंजेक्शन दिलं.

जुनी वही: दोन्ही एकच हो. पूर्वी देवीची लस म्हणजे फोडातला द्रवच असायचा, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर. मुंबईत १८०२ च्या जूनमध्ये ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली ती तशीच पुढे गेली.

ओसरीवरचा: लस मुळात चिकटपणाचा शब्द, लसलशीत त्यातलाच.

मळ्याकाठ: लसलशीत म्हणजे कोवळं हिरवं हो, पालवी लसलशीत! चिकट कुठून आणलंत?

पारिजातक: आणि शीर्षकाचं काय?

ओसरीवरचा: मळ्याकाठ, कोश उघडून बघतो, थांबा.