फेरेंट्झ, पंधरा पॉइंट आणि एक डावा हात

चौथा_डाउन
बोल गेमच्या (सीझनअखेरच्या खास सामन्याच्या) धाग्यावर एकानं ठोकून दिलंय: व्हँडरबिल्टला ३४-२७ हरवलं म्हणून काय झालं, आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं ऑफेन्स (आक्रमण) अश्मयुगातलंच आहे, हेड कोच फेरेंट्झना नारळ द्या. याचं उत्तर चार ओळींत मावत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

२०२५ मध्ये चार सामने हरलो. आयोवा स्टेट १६-१३, इंडियाना २०-१५, ओरेगन १८-१६, यूएससी २६-२१. फरकांची बेरीज पंधरा. अख्ख्या सीझनमध्ये पंधरा पॉइंट! त्यातला इंडियाना तर पुढं एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. अश्मयुग बघायचं असेल तर २०२३ उघडा. सामन्याला १५.४ पॉइंट, यार्डांत १३३ संघांपैकी १३३ वा नंबर.

त्या वर्षानंतर ऑफेन्सच्या खेळ्या ठरवणारे नवे कोऑर्डिनेटर टिम लेस्टर आले. लोकांना वाटतं त्यांनी सगळं बदललं. मूळ खेळी तीच आहे, आउटसाइड झोन, म्हणजे बाहेरच्या बाजूला सरकत जाणारी रन. लाइनमन (पुढच्या फळीतला अडवणारा) पहिलं पाऊल आडवं टाकतो. समोर कोणी असेल तर त्याला बाहेरच्या खांद्यावर धरायचं, नसेल तर शेजाऱ्याला हात देऊन लाइनबॅकरवर (बचावाच्या दुसऱ्या फळीवर) चढायचं. रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) टाइट एंडच्या (लाइनच्या टोकाच्या गड्याच्या) बाहेरच्या अंगाला रोख धरतो आणि फट दिसेल तिथं एकदाच वळतो. ही खेळी मरते दोन ठिकाणी. एक, सेंटर (मधला लाइनमन) नोज टॅकलच्या (समोरच्या मधल्या बचावपटूच्या) पुढं पोचला नाही तर बॅकला मागंच ब्रेक लागतो. दोन, मागच्या बाजूच्या एंडला (बचावाच्या टोकाच्या गड्याला) कोणी अडवलेलं नसतं. क्वार्टरबॅक बॉल लपवून उलट्या दिशेला पळेल ही भीती नसेल, तर तो एंड सरळ मागून येऊन बॅकला पाडतो. २०२३ मध्ये क्वार्टरबॅक मॅकनमाराचा गुडघा गेल्यावर नेमकं हेच होत होतं. लेस्टरनी स्नॅपआधीची (बॉल मागं देण्याआधीची) हालचाल आणि बूटलेग (तीच बॉल लपवून उलटं पळण्याची चाल) आणून त्या एंडला जागेवर खिळवलं. २०२४ ला रनिंग बॅक केलेब जॉन्सनचे १,५३७ यार्ड आणि २१ टचडाउन यातूनच आले.

कासवछाप
पंधरा पॉइंटांचा हिशोब तुमच्यावरच उलटतो, साहेब. यूएससीविरुद्ध हाफटाइमला २१-१० पुढं होतो. दुसऱ्या हाफमध्ये आपले पॉइंट किती? शून्य. आघाडी मिळाली की पहिल्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार संधींतल्या पहिलीला) रन, दुसऱ्याला रन, तिसऱ्याला आठ यार्ड हवेत आणि अख्ख्या स्टेडियमला ठाऊक की आता पास. अशा वेळी समोरचा लाइनबॅकर रनसाठी थबकतच नाही, त्यामुळे प्ले अॅक्शनही (रनचं सोंग करून पास) मेला. तुमचा तो खिळवलेला एंड तिसऱ्या-आणि-आठला कोण खिळवणार?

२०२५ चा आपला क्वार्टरबॅक ग्रोनोव्स्की पळत होता म्हणून आकडे बरे दिसले. २०२४ ला सामन्याला दीडशे यार्डही पासिंग नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आपल्या लीगचं, बिग टेनचं, शेवटचं विजेतेपद २००४ चं, तेही वाटून घेतलेलं.

पंट_पंडित
ग्रोनोव्स्कीचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. २०२२ ला साउथ डकोटा स्टेटला आपण ७-३ हरवलं, टचडाउन न करता. एक फील्ड गोल (तीन पॉइंट), दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये अडवून दोन-दोन). तेव्हा समोरचा क्वार्टरबॅक हाच होता. आपलं ऑफेन्स इतक्या जवळून बघूनही पोरगा इथं आला, याला धाडस म्हणतात.

पण पंटला (बॉल लाथेनं लांब मारून समोरच्याला देण्याला) हसू नका. स्वतःच्या ४५ वर चौथा डाउन, दोन यार्ड हवेत. गेलो आणि हुकलो तर समोरच्याला अर्धं मैदान फुकट. टोरी टेलरसारखा पंटर बॉल १० च्या आत मारतो, मग त्यांना ९० यार्ड चालायचेत आपले डिफेन्स कोऑर्डिनेटर फिल पार्करच्या झोन बचावातून, जिथं लांब पास मिळत नाही आणि पाच-पाच यार्डांनी यायला अठरा खेळ्या लागतात. कॉलेजची पोरं अठरा खेळ्यांत एक तरी चूक करतातच. २०२३ ला टेलरचे ९३ पंट, ४,४७९ यार्ड. हा डावपेच आहे, पळपुटेपणा नाही.

कासवछाप
तोच पंट एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) गेला तर बॉल २० वर. म्हणजे ५५ यार्डांऐवजी निव्वळ ३५ यार्ड मिळाले आणि बॉलही दिला. टेलर कायम नसतो, पंडित. ओरेगनविरुद्ध पंटचा स्नॅपच डोक्यावरून गेला, सेफ्टी झाली. दोन पॉइंट. हरलो कितीनं? दोननंच. तुमचा डावपेच तुमच्याच मुळावर आला.

लेकाचं_कॉन्ट्रॅक्ट
मूळ दुखणं घराणेशाही आहे, ते कोणी बोलत नाही. फेरेंट्झांचा मुलगा ब्रायन २०२३ पर्यंत ऑफेन्स कोऑर्डिनेटर होता. कागदावर तो वडिलांना नाही तर अॅथलेटिक डायरेक्टरला जबाबदार, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. पगार ५० हजार डॉलरनं कापून ८ लाख ५० हजार केला आणि अट घातली: सामन्याला २५ पॉइंट, किमान सात विजय. गंमत म्हणजे डिफेन्सनं आणि पंट रिटर्ननं केलेले पॉइंटही त्यात धरायचे! तरीही जमलं नाही.

चौथा_डाउन
ते संपलं हो. ऑक्टोबर २०२३ मध्येच जाहीर झालं की ब्रायन परत येणार नाही. किती वर्षं तेच दळण दळणार?

लेकाचं_कॉन्ट्रॅक्ट
जाहीर केलं तेव्हाच्या अंतरिम अॅथलेटिक डायरेक्टर बेथ गेट्झ यांनी, वडिलांनी नव्हे. प्रश्न तोच आहे. स्वतःहून बदल करायची यांची तयारी कधी असते?

फ्लॉइडचा_मालक
मिनेसोटातून नमस्कार. २०२३, किनिक (तुमचंच स्टेडियम), १२-१० नं आम्ही जिंकलो. ब्रायनचा निकाल त्यानंतर नऊ दिवसांत लागला. आभार मानायचे तर आमचे माना.

पंट_पंडित
घ्या, आले डुक्करवाले (फ्लॉइड हा आपल्या दोघांच्या सामन्याचा डुकराचा चषक)! तो सामना तुम्ही जिंकलाच नाही. आपल्या डिजीननं ५४ यार्ड पंट परत आणून टचडाउन केला होता. रिव्ह्यू कशासाठी सुरू झाला? पाय रेषेबाहेर गेला का, हे बघायला. पाय आतच होता. मग टीव्हीत हात शोधत बसले आणि टचडाउन रद्द केला.

फ्लॉइडचा_मालक
नियम वाचा. फेअर कॅचची (फक्त पकडतो, पळत नाही, असं सांगण्याची) वैध खूण म्हणजे एक हात डोक्यावर पूर्ण ताणून एकाहून जास्त वेळा आडवा हलवायचा. त्याखेरीज कसाही हात हलवला की ती अवैध खूण, आणि बॉल हातात आला त्या क्षणी डेड, म्हणजे खेळ तिथंच थांबतो. टप्पा पडलेला असला तरी. उजव्या हातानं बोट दाखवलं, त्याला हरकत नाही. डावा हात हलत होता ना?

पंट_पंडित
तोल सांभाळायला हात हलतो! आपल्या पोरांना बॉलपासून लांब राहा म्हणून सांगणं ही खूण कशी होते? तुमचा एक तरी गडी त्या हातामुळे थांबला का? सगळे धावतच होते.

फ्लॉइडचा_मालक
नियमात उद्देश विचारत नाहीत. तो नियम ज्या गड्याला थांबावं लागतं त्याच्यासाठी आहे. रिटर्नर हात हलवून फसवतो, बचाव करणारा ढिला पडतो, मग हा पळतो. म्हणून बॉल डेड.

पंट_पंडित
मग मैदानावरच्या रेफरीनं तेव्हाच शिट्टी का नाही मारली? एकालाही दिसलं नाही? नियमपुस्तक स्लो मोशनमध्ये वाचणाऱ्यांशी काय बोलायचं! २०२५ ला ४१-३ झालं तेव्हा कुणाचा हात हलत होता?

फ्लॉइडचा_मालक
४१-३ मान्य. त्या दिवशी आमची लाइन होती कुठं हे मलाही कळलं नाही. पण २०२३ ला तुमच्या ऑफेन्सचे अख्ख्या सामन्यात १२७ यार्ड होते. बॉल आमच्याकडून परत मिळाला की तीन खेळ्या आणि पंट. त्या एका हातावर सामना येऊन टेकलाच कसा, हे विचारा.

कासवछाप
शेजाऱ्यानं बरोबर पकडलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

झोनवाला
हातावरून खाली उतरणार का कुणी? एक तांत्रिक मुद्दा राहून गेलाय. २०२२ पासून टॅकल बॉक्सच्या (लाइनच्या मधल्या भागाच्या) बाहेर कंबरेखाली ब्लॉक करायला बंदी आली. आउटसाइड झोनमध्ये खेळी बाहेर सरकते, तिथं टाइट एंड किंवा बॅक वेगवान कॉर्नरचे (कडेच्या बचावपटूचे) पाय कापायचा आणि वाट मोकळी व्हायची. ते गेलं. आता उभ्यानं धरावं लागतं, नाही धरता आलं तर होल्डिंग, दहा यार्ड मागं. २०२२-२३ च्या दुष्काळात याचा वाटा होता. एकट्या ब्रायनचं पाप नाही.

कासवछाप
बंदी सगळ्यांना होती. शेवटून पहिले मात्र आपणच.

झोनवाला
हो, कारण बाकीचे पाच जणांना पसरवून बॉल बाहेर फेकतात. आपण दोन-दोन, तीन-तीन टाइट एंड घेऊन गर्दी बोलावतो आणि मग त्याच गर्दीतून वाट काढतो. आणि २०२३ ला तेही धड नव्हतं. लेची आणि ऑल, दोन्ही टाइट एंड जखमी, राखीव क्वार्टरबॅकचे निम्मेही पास पूर्ण होत नव्हते.

चौथा_डाउन
कासवछाप, यूएससीच्या दुसऱ्या हाफबद्दल तुमचं खरं आहे, घ्या. तिथं पहिल्या डाउनला बूटलेग हवा होता, समोरचे आठ जण बॉक्समध्ये (लाइनजवळ) उभे होते. पण व्हँडरबिल्टवर ३४ कासवानं केले नाहीत.

कासवछाप
एक सामना. बरं, दीड. आणि बिग टेनच्या कोचेसमधला वुडी हेजचा २०५ विजयांचा आकडा फेरेंट्झांनी ओलांडला म्हणून हार घालायला माझी हरकत नाही, माणूस १९९९ पासून उभा आहे. आता ग्रोनोव्स्की गेला. नवा क्वार्टरबॅक पळणारा नसेल तर तो मागचा एंड पुन्हा मोकळा. पहिल्या सामन्यात तिसरा डाउन किती यार्डांचा पडतो ते बघतो, मग बोलू.

पंट_पंडित
डावा हात वैध होता.