एकोणपन्नास कार्डं झाली, पन्नासावं दर वेळी शेवटच्या सेकंदांत निसटतं

पन्नासावं_पान

प्रश्न लांब आहे, पण मनापासून विचारतेय.

नऊ वर्षं मी १९३८ चा जॉन प्लेअर अँड सन्सचा ‘क्रिकेटर्स’ संच एकेक कार्ड करत जमवतेय. सगळी खरेदी ऑनलाइन लिलावांतून. ज्यांना हा संच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही सिगारेटच्या पाकिटातून मिळणारी छोटी कार्डं, साधारण ३६ बाय ६८ मिलिमीटरची. संचात पन्नास. त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, त्यामुळे एकीकडे हॅमंड, हटन, कॉम्प्टन आणि दुसरीकडे ब्रॅडमन, मॅककेब, ओरायली. पुढे रंगीत चित्र, मागे खेळाडूची माहिती.

या संचाची खरी अडचण मागच्या बाजूला आहे. तिथे गोंद लावलेला असतो. कार्ड ओलं करायचं आणि कंपनीच्या एक पेनीच्या अल्बममध्ये चिकटवायचं, अशी ती योजना. बहुतेकांनी तेच केलं. म्हणून आज सुटी मिळणारी पुष्कळ कार्डं अल्बममधून सोडवलेली असतात आणि मागचा मजकूर अर्धामुर्धा खरवडून गेलेला असतो. मी पहिल्यापासून ठरवलंय, न चिकटवलेलंच कार्ड घ्यायचं. मला चित्राइतकीच पाठ हवी असते.

एकोणपन्नास झाली. राहिलाय हेडली व्हेरिटी.

ब्रॅडमनचं कार्ड मी दुसऱ्याच वर्षी घेतलं, त्यासाठी पैसे वेगळे काढून ठेवले होते. व्हेरिटी काय, कधीही मिळेल, असं धरून चालले. यॉर्कशायरचा डावखुरा फिरकी गोलंदाज. १९३२ मध्ये नॉटिंगहॅमशायरचे दहाच्या दहा बळी दहा धावांत घेतलेला. १९३४ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचे चौदा गडी एका दिवसात. ब्रॅडमनला कसोटीत आठ वेळा बाद केलं, तेवढं दुसऱ्या कुणालाही जमलं नाही. आणि १९४३ मध्ये सिसिलीत लढताना जखमी होऊन, युद्धकैदी म्हणून इटलीतल्या कासेर्ताला वारला. कार्ड छापलं तेव्हा यातलं शेवटचं वाक्य घडायचं होतं. त्या मजकुरात तो अजून खेळतोय, पुढच्या मोसमाची वाट बघतोय. ते मला माझ्या हातातल्या कार्डावर वाचायचंय.

गेल्या वर्षभरात तीन वेळा हरले. पहिल्यांदा सहा दिवस माझीच बोली सगळ्यात वर होती. शेवटचे चार सेकंद राहिले असताना कुणीतरी आलं आणि एका पायरीने, म्हणजे बोली वाढवायच्या कमीत कमी रकमेने, घेऊन गेलं. दुसऱ्यांदा मी शेवटच्या मिनिटापर्यंत थांबले, घाईघाईत आकडा टाकला, तोवर वेळ संपली. तिसऱ्यांदा पुन्हा एकाच पायरीने गेलं. त्या रात्री झोप लागली नाही. अजून एक पायरी चढले असते तर, हेच डोक्यात.

आणि एकदा जिंकलेसुद्धा. विक्रेत्याने फक्त पुढच्या बाजूचा फोटो टाकला होता. मी पाठीबद्दल विचारलं नाही, ही चूक माझी. पाकीट उघडलं तेव्हा हात थरथरत होते. कार्ड उलटं केलं तर मागे अल्बमच्या करड्या कागदाचा थर, अक्षर एक नाही. विक्रेता म्हणाला, वर्णनात पाठीचा उल्लेखच नव्हता. ते खरं होतं, पण पोटात खड्डा पडला तो पडलाच.

तर विचारायचं असं, की बोली आधी लावता की शेवटी? किती लावायची हे कसं ठरवता? आणि एका पायरीने गेल्यावर जी चुटपुट लागते तिचं काय करता?

रात्रपाळी

चुटपुटीबद्दल आधी लिहितो, कारण तिच्या मुळाशी एक गैरसमज आहे. मीही कित्येक वर्षं तो बाळगला होता.

तुम्ही एका पायरीने हरलात असं पडद्यावर दिसतं. प्रत्यक्षात तसं असेलच असं नाही. ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही तुमचा कमाल आकडा टाकता आणि यंत्रणा तुमच्या वतीने समोरच्यापेक्षा एक पायरी वर, इतकीच बोली चढवते. म्हणजे शेवटची किंमत ठरते ती हरणाऱ्याच्या आकड्यावरून. समजा तुम्ही शंभरावर थांबलात आणि कार्ड एकशे दोनला गेलं. समोरच्याने एकशे पाच टाकले होते की चारशे, हे तुम्हाला कधीच कळत नाही. त्याने चारशे टाकले असतील तर तुम्ही दोनशेपर्यंत गेला असतात तरी कार्ड त्यालाच मिळालं असतं, फक्त महाग पडलं असतं. “अजून एक पायरी” ही जागा बहुतेक वेळा नसतेच.

आता सहा दिवस आघाडीवर राहण्याबद्दल. ताई, त्याने तुमचं नुकसानच होतं. तुमची बोली दिसली की बघणाऱ्याला वाटतं, या कार्डात कुणालातरी रस आहे. मग तो चाचपडत एकेक पायरी चढवतो, तुमची मर्यादा कुठे लागते ते बघतो, आणि पोचला की थांबतो किंवा एक पायरी वर जातो. म्हणून मी शेवटच्या सात-आठ सेकंदांत एकदाच बोली लावतो. आकडा आदल्या दिवशी ठरवलेला असतो, कागदावर लिहिलेला. तो ठरवताना स्वतःला एकच विचारतो: याच्याहून एक पायरी वर हे कार्ड दुसऱ्याला गेलं तर मला वाईट वाटेल का? वाटेल असं उत्तर आलं, तर आकडा कमी धरलाय. वाटणार नाही इथवर वाढवत न्यायचा आणि थांबायचं. आणि आकडा गोल ठेवायचा नाही. पुष्कळ लोक गोल आकड्यावर थांबतात, दोन-तीन वर असलात की तेवढ्यावर सुटता.

हे सगळं ठरलेल्या वेळेला बंद होणाऱ्या लिलावांपुरतं. मोठ्या लिलावगृहांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ पुढे ढकलली जाते, तिथे सेकंद मोजण्यात अर्थ नाही. शिवाय तिथे जिंकलेल्या किमतीवर खरेदीदाराकडून वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त अधिभार घेतात. तो धरूनच आकडा लिहायचा.

सरळ_बॅट

१९३८ चा प्लेअर्स संच दुर्मीळ नाही. पूर्ण पन्नासचे संच लिलावात नेहमी येतात, अल्बमला न लागलेलेसुद्धा. पूर्ण संच घ्या, व्हेरिटी काढून ठेवा, बाकीचे एकोणपन्नास विका. महिन्याभरात काम होईल. एकेका कार्डामागे नऊ वर्षं घालवणं मला पटत नाही.

पन्नासावं_पान

@रात्रपाळी, एकशे दोन आणि चारशेचं उदाहरण मी तीनदा वाचलं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. वर्षभराचं ओझं थोडं उतरलं.

@सरळ_बॅट, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि तो मार्ग मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. पण माझ्या वहीत प्रत्येक कार्डापुढे ते कधी मिळालं, कुणाशी चढाओढ झाली, पाकिटात विक्रेत्याची चिठ्ठी होती का, हे लिहिलेलं आहे. फ्लीटवूड-स्मिथचं कार्ड पाठवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी लिहिलं होतं की ते त्यांच्या वडिलांनी चिकटवायचं राहून गेलेलं शेवटचं कार्ड. फार्न्स पहाटे उठून मिळवला, तोही युद्धात गेला, १९४१ मध्ये. ही सगळी मी एकेक करून ओळखते. पन्नासावा गठ्ठ्यातून आला तर तो त्या वहीत कुठे लिहू?

कोपरे_आणि_कडा

मी बास्केटबॉलवाला, १९८६-८७ चा फ्लीअर संच माझा. १३२ कार्डं, त्यातलं ५७ वं मायकेल जॉर्डनचं. त्या एका कार्डाच्या नकला इतक्या आहेत की मला पाठीचं दुखणं चांगलं कळतं. बोलीचं वर आलंच आहे, मी फोटोंबद्दल लिहितो.

नियम एकच: पाठीचा आणि चारही कोपऱ्यांचा फोटो आला नाही तर बोली नाही. मागायला संकोच वाटू देऊ नका. विक्रेता दोन दिवसांत फोटो पाठवत नसेल तर ते तुमचं उत्तर समजा. तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा, सरळ उजेडात दुमड आणि खरवड लपते. तुमच्या कार्डाच्या बाबतीत गोंदाचा एकसारखा फिका तकाकणारा थर दिसायला हवा. डाग किंवा पाण्याची कड दिसली तर ते सोडवलेलं आहे.

कडाही बघा. कोपरे घासले गेले की काही लोक कडा कापून कार्ड नवीन करतात. छापील चौकट एका बाजूला बारीक, दुसरीकडे जाड असेल तर मोजमाप विचारा. प्रमाणपत्र आणि प्लास्टिकची सीलबंद पेटी असली तरी डोळे मिटू नका. १९०९ ते १९११ या काळातलं अमेरिकन टोबॅको कंपनीचं बेसबॉलपटू होनस वॅगनरचं टी-२०६ संचातलं कार्ड सगळ्यांना माहीत असेल. त्यातलं सगळ्यात गाजलेलं, जे १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने भागीदारीत घेतलं, तेच पीएसए या कार्डांची अवस्था तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थेने श्रेणी दिलेलं पहिलं कार्ड. श्रेणी दहापैकी आठ. ते आधी विकणारा बिल मॅस्ट्रो पुढे मोठं लिलावगृह चालवायचा. २०१३ मध्ये त्याने न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्यानेच कापल्या होत्या. त्याला तुरुंगवास झाला तो मात्र लिलावातल्या खोट्या बोल्यांसाठी, किंमत चढवायला आपल्याच माणसांकडून लावलेल्या.

हे वाचल्यापासून मला राग येतो तो कात्रीचा नाही, बोल्यांचा. रात्रभर जागून आपण कुणाशी चढाओढ करतोय हे तरी खरं असायला हवं. एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर तोच बोलीदार पुन्हा पुन्हा येतोय आणि प्रत्येक वेळी हरतोय असं दिसलं, तर मी तो विक्रेता कायमचा सोडतो.

जुनं_ते_जतन

एक छोटी युक्ती. नाव चुकीचं लिहून शोधा. व्हेरिटीच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे, हेडलीमध्ये एक जास्त, असं सगळं करून बघा. विक्रेत्याने घाईत चुकीचं लिहिलं की ते कार्ड बाकीच्यांच्या शोधात येतच नाही. माझ्याकडच्या १९३४ च्या संचातली चार कार्डं अशी आलीत. वर्णनात फक्त “जुनी क्रिकेट कार्डं, सहा नग” असं लिहिलेले गठ्ठेही उघडून बघत जा, फोटो मोठा करून.

आणि पैसे भरताना विक्रेत्याला पॅकिंगबद्दल लिहा. तुमचं कार्ड नेहमीच्या अडीच बाय साडेतीन इंची पाकिटात घातलं तर आत फिरतं आणि कोपरे बोथट होतात. त्याच मापाचं पाकीट, दोन्हीकडे जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टी कार्डाच्या पाकिटावर नाही, पुठ्ठ्यावर.

पन्नासावं_पान

सतरा दिवसांनी लिहितेय.

मिळालं.

@जुनं_ते_जतन, तुम्ही सांगितलं तसंच. आडनावात एक अक्षर चुकलेलं, एकच फोटो, तोही पुढचा. पाठीचा फोटो मागितला, तिरप्या उजेडात. दुसऱ्या दिवशी आला. गोंद जसाच्या तसा, कडेपर्यंत. चौकट चारही बाजूंनी सारखी. @रात्रपाळी, आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहिला, गोल न ठेवता, आणि लिहिताना स्वतःला तोच प्रश्न विचारला. लिलाव बंद व्हायला आठ सेकंद असताना एकदाच टाकला. समोर एकच जण होता. माझ्या आकड्याच्या निम्म्याच्याही खाली संपलं.

आनंदाने ओरडेन असं वाटलं होतं. तसं झालं नाही, बराच वेळ नुसती पडद्याकडे बघत बसले.

कार्ड आज आलं. डावा वरचा कोपरा किंचित वाकलेला आहे, फोटोत ते दिसलं नव्हतं. पाठ मात्र सबंध आहे. बारीक छपाई, आणि खाली अल्बम कुठे मिळेल ती सूचना. व्हेरिटीबद्दलचं सगळं वर्तमानकाळात. आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. खाली कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलने एक बारीक खूण केली आहे, यादी तपासताना करतात तशी. ती मी पुसणार नाही.

वहीत पन्नासाव्या ओळीत तारीख घातली. समोरच्या बोलीदाराचं नाव यंत्रणा दोनच अक्षरांत दाखवते, तीच दोन अक्षरं लिहिली. @सरळ_बॅट, पूर्ण संच घेतला असता तर हे नऊ वर्षं आधी झालं असतं, मान्य.

आता एक नवा प्रश्न. हा गोंद ऐंशीहून जास्त वर्षांचा असला तरी दमट हवेत ओलसर होतो का? पाकिटाला चिकटला तर पाठ जाईल. बाकीची एकोणपन्नास मी साध्या पाकिटांत ठेवली आहेत आणि आज पहिल्यांदाच त्याची भीती वाटतेय.

जुनं_ते_जतन

अभिनंदन! हो, होतो. दमटपणात तो गोंद पुन्हा जागा होतो, एकावर एक ठेवलेली अशी कार्डं चिकटून गेलेली मी पाहिली आहेत. पीव्हीसी असलेली पाकिटं आजच काढा, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. कार्डं रचून त्यावर वजन ठेवू नका, डबा उभा ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या वेळोवेळी बदला. आणि व्हेरिटीचा पाठीचा फोटो जमलं तर इथे टाका, तो मजकूर मलाही वाचायचाय.